नवरदेवाचे चालायचे बूट

माझ्या लग्नात माझ्या पायात जे बूट होते, तसे बूट घालून आमच्या भागात त्याआधी कोणी बोहल्यावर उभं राहिलं नसेल, आणि माझं पाहिल्यावर नंतरही कोणी राहिलं नाही. घोट्याच्या वर येणारे, तपकिरी, जाड तळाचे, नाडी अडकवायला पितळी आकडे असलेले, डोंगर चढायचे बूट. अंगात सूट, डोक्याला बाशिंग आणि खाली हे. फोटो अजून आहे. बायको तो पाहुण्यांना दाखवत नाही आणि मीही आग्रह करत नाही.

ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. मला शेतकी खात्यात ग्रामसेवकाची नोकरी लागली होती. घर पांढुर्ण्याला, आणि वाट्याला आसपासची आठ खेडी. त्यातल्या तीन गावांना बस जायची, दोन गावांना सायकल जायची आणि उरलेल्या तीन गावांना फक्त माझे पाय जायचे. वाट म्हणजे गोटे, काळी माती आणि पुढे टेकडी. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गावात जाऊन संत्र्याला कोणता रोग पडला, कपाशीवर काय फवारावं, हे शेतकऱ्यांना सांगायचं, असं ते काम. शेतकरी मला चहा पाजायचे, माझं सगळं नीट ऐकून घ्यायचे आणि मी वळलो की त्यांना जे करायचं तेच करायचे. त्यांची झाडं माझ्या वयापेक्षा मोठी होती, हे कारण मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, माझ्या चपलांमुळे हे होतंय.

तसं वाटायला एक निमित्त झालं होतं. रेस्ट हाऊसवर भूगर्भ खात्याचा एक अधिकारी चार दिवस उतरला होता. बोलायला अगदी बेताचा, पण पायात असे बूट की तो व्हरांड्यातून चालला की चौकीदार आपोआप उभा राहायचा. मी दोन संध्याकाळी काही काम नसताना तिथून गेलो आणि ते बूट पाहून आलो. माणसाचं वजन बुटात असतं असा मी शोध लावला आणि चोवीस वर्षांच्या माणसाला शोभेल इतक्या ठामपणे त्यावर विश्वास ठेवला.

पांढुर्ण्याच्या बाजारात चपला-बुटांच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, चालायचे बूट पाहिजेत. दुकानदारानं पोलिसांचे काळे बूट काढले, पावसाळ्याचे रबरी काढले आणि लग्नात घालतात ते टोकदार चकचकीत काढले. मी मान हलवत राहिलो.

"चालाचे पायजे, चालाचे," मी म्हटलं.

"सारे बूट चालाचेच असते ना जी भाऊ," तो म्हणाला. "बसाचे बूट कोण बनवून राहिलं?" मग त्यानं विचारलं, "नंबर किती?"

"दहा."

त्यानं काउंटरवरून वाकून माझ्या पायांकडे पाहिलं. "दहा नंबर नागपूरहून बोलवा लागते," तो म्हणाला, आणि हे त्यानं इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारी मुलीसाठी सँडल बघणाऱ्या दोन बायांनीही वाकून पाहिलं. माझे पाय हा आमच्या घरात जुना विषय होता. बहीण माझ्या चपलांना डोंगे, म्हणजे होड्या, म्हणायची. अंगाने मी काडी, उंची बेताची, आणि पाय मात्र कोणा दुसऱ्याचे लावल्यासारखे. मी काही न घेता घरी आलो.

त्याच हिवाळ्यात माझं लग्न जमलं. मुलगी सौंसरची, प्राथमिक शाळेतल्या मास्तरांची थोरली. पाहायला गेलो तेव्हा दहा मिनिटं ती समोर बसली होती, आणि तेव्हाच्या मुली जशा बसत तशी खाली जमिनीकडे पाहत होती. म्हणजे थेट माझ्या पायांकडे. मी दहाही मिनिटं पाय खुर्चीखाली दाबून ठेवले. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण पोटऱ्यांत गोळे आले ते आठवतं.

आमच्याकडे नवरदेवाचे कपडे आणि बूट मुलीकडचे घेतात. नवरदेवानं ते आधी घालून बघायचे नसतात. वरात निघण्याआधी मारुतीच्या देवळात मुलीकडचे लोक ते घेऊन येतात, तिथंच नवरदेवाला नखशिखांत सजवतात आणि मग वाजतगाजत मांडवात नेतात. कपड्यांचं माप शिंपी पाठवतो. बुटांसाठी कागदावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद मुलीकडे पाठवायचा. हे सगळं ठरवायला माझे काका होते. संत्र्याच्या व्यापारात होते, आवाज मोठा होता आणि घरातल्या कोणत्याही लग्नात मुलीकडच्यांची चूक काढल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. मी त्यांना म्हटलं, मला टोकदार बूट नकोत, डोंगर चढायचे पाहिजेत, नोकरीत कामी येतील.

"लग्नात सातपुडा चढाचा हाये का तुले?" ते म्हणाले. पण मागणी अवघड आहे हे लक्षात आल्यावर त्यांना ती आवडली, आणि त्यांनी ती सौंसरला चोख पोहोचवली. मास्तरांचा निरोप आला, बूट मिळून जातील, मापाचा कागद तेवढा पाठवा.

तर तो कागद. मी दार लावून घेतलं, वहीचं मधलं जोडपान फाडलं आणि त्यावर उजवा पाय ठेवून सरळ हातानं पेन्सिल फिरवली. पाय उचलून पाहिलं तर पानावर कोरी जागा फारशी उरलीच नव्हती. हा कागद मास्तर पाहणार, त्यांची बायको पाहणार, धाकट्या मेहुण्या हसणार, आणि ती पाहणार. मी दुसरं पान घेतलं. या वेळी पेन्सिल तिरपी धरली, टोक पायाच्या आत घातलं. तिसऱ्या पानावर टाच जरा उचलली आणि बोटं आखडली. पाचव्या पानावर जो पाय उमटला तो इतका देखणा होता की मी तो थोडा वेळ बघत बसलो. एखाद्या सुसंस्कृत माणसाचा पाय. तोच घडी घालून पाठवला. बूट खऱ्या पायात घालायचे असतात, कागदावरच्या नाही, हे ग्रामसेवकाच्या परीक्षेत पास झालेल्या माणसाला कळायला हरकत नव्हती. पण मला वाटलं, चामडं आहे, सैलावेल.

मास्तर तो कागद घेऊन छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज गाडीनं नागपूरला गेले. सीताबर्डीवरची एकूण एक दुकानं त्यांनी पाहिली. प्रत्येक ठिकाणी बूट उलटा करायचा, तळ कागदावर ठेवायचा आणि रेघेशी रेघ जुळते का ते चष्मा पुसून बघायचं. एका दुकानात मनासारखा जोड मिळाला, पण तो कागदाच्या बाहेर दोन बोटं जात होता म्हणून त्यांनी परत केला. संध्याकाळपर्यंत फिरून अगदी रेघेवर बसणारा जोड घेतला आणि रात्री घरी पोचले. हे त्यांनीच मला देवळाच्या पायरीवर, खोका उघडताना, मोठ्या समाधानानं सांगितलं. बूट आठ नंबरचे होते.

मे महिना, सौंसर, दुपारचे चार. देवळाबाहेर वऱ्हाड, बँडवाले, फुलं लावलेली जीप. मी पाय आत घातला आणि तो निम्म्यात थांबला. त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं, की बसत नाहीत. टोकदार का होईना, दुसरा जोड सौंसरच्या बाजारात मिळाला असता. पण मग कोणीतरी म्हणालं असतं, कागद आणा पाहू. आणि कागद मास्तरांच्या खिशातच होता, मला वरचं टोक दिसत होतं. मी बोटं मुडपली, दात आवळले आणि टाच आत ढकलली. मेहुणीनं हौसेनं नाड्या आवळून पितळी आकड्यांत अडकवल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण महिनाभर मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो की मी जीपमध्ये बसणार नाही, चालायचे बूट आहेत, चालत जाईन. आता मित्रांनी ते लक्षात ठेवलं. जीप मोकळी पुढे गेली आणि तिच्या मागं मी निघालो. बँडवाले प्रत्येक चौकात थांबायचे, पोरं नाचायची. पहिल्या चौकात मला थांबल्याचा आनंद झाला. दुसऱ्या चौकात कळलं की चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त दुखतं. तिसऱ्या चौकात मित्रांनी मला नाचायला ओढलं, आणि मी जो नाच केला त्याची वऱ्हाडात बरेच दिवस तारीफ होत होती.

मांडवात मंगलाष्टकं झाली. मग आमच्यात मुलीचे आईवडील जावयाचे पाय धुतात. पाट मांडला, समोर पितळी परात ठेवली. बूट निघेनात. दोन मित्रांनी एकेक धरून ओढले आणि मोजे सोलावे तसे काढले. रिवाजाप्रमाणे मेहुण्यांनी लगेच बूट पळवले आणि लांबून ओरडल्या की सोडवून न्या. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडेच. मी किती चिक्कू आहे यावर बायकांमध्ये खसखस पिकली.

मास्तरांनी माझी टाच तळहातावर घेतली. सासूबाई वरून पाणी ओतत होत्या, आणि करंगळीचं सालटं निघालेलं असल्यामुळे ते पाणी मला मेंदूपर्यंत जाणवलं. मास्तरांचा अंगठा त्या जागी आला आणि थांबला. मग त्यांनी पाय धुता धुताच टाचेपासून अंगठ्यापर्यंत हळूच वीत टाकली. वीत संपल्यावर कागदावर उरला होता त्याहून जास्त पाय उरला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी केळीच्या खांबाकडे बघत होतो.

पाठीमागून काकांनीही वाकून पाहिलं होतं. त्यांना हवं ते मिळालं.

"काय हो मास्तर," ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराच्या पायाचे पार सालटे निघाले. बूट तरी मापाचे द्याचे होते जवायाले."

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. त्यांच्या शाळेतले शिक्षक, गावचे लोक, माझ्याकडचे, त्यांच्याकडचे. खिशात कागद होता. तो काढून काकांपुढे धरायला मास्तरांना काही लागत नव्हतं. त्यांनी परातीवरचे ओले हात तसेच जोडले.

"चुकलं जी माझं," ते म्हणाले. "मापात माझीच गलती झाली."

मी बोललो नाही. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता. भटजी नारळ शोधत होते, सासूबाई खोबरेल तेल आणायला आत गेल्या होत्या, दोन-तीन मिनिटं तरी गेली असतील. शेजारी बसलेली माझी बायको पहिल्यांदाच मान वर करून तिच्या वडिलांकडे बघत होती. बुटांबद्दल मी इथवर जे लिहिलं त्याचं मला हसू येतं. या दोन-तीन मिनिटांचं येत नाही.

महिनाभरानं मी बायकोला खरं सांगितलं. तिला भलतंच वाटलं होतं. ती म्हणाली, कागद तिनं पाहिला होता, आणि तिला वाटलं घरातल्या कोण्या शाळकरी पोरानं आपलाच पाय रेखलेला कागद चुकून पाठवला गेला असेल. मग ती म्हणाली, "बाबाले सांगा तुमी. त्याइच्या मनाले लागून राहिलं ते."

"सांगतो," मी म्हटलं.

मेहुण्यांनी परत केलेले ते बूट मी वापरत नव्हतो असं नाही. पिशवीत टाकून गावाच्या वेशीपर्यंत न्यायचो, झाडाखाली बसून घालायचो, आणि शेतकऱ्यांसमोर पाच-सात पावलं रुबाबात टाकून बांधावर बसून घ्यायचो. शेतकऱ्यांना वाटलं, नवा ग्रामसेवक लग्न झाल्यापासून फार बसायला लागला. चहा पूर्वीसारखाच मिळायचा आणि सल्लाही पूर्वीसारखाच वाया जायचा.

पहिल्या दिवाळीला सासरी गेलो तेव्हा मास्तर म्हणाले, "जवाईबापू, या वक्ती तुमी स्वतः चला नागपूरले." बायकोनं दारातून माझ्याकडे पाहिलं. गाडीत अडीच-तीन तास आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि मी प्रत्येक स्टेशनाला ठरवत होतो की पुढचं स्टेशन आलं की सांगायचं.

बूट कसे निवडावेत हे मी त्या दिवशी मास्तरांकडून शिकलो. पहिल्या फेरीनंतर त्यांनी दुकानदारांना विचारून विचारून सगळं माहीत करून घेतलं होतं. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय फुगतो. जे मोजे घालून चालणार तेच घालून जावं. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे, उतारावर पाय पुढे सरकतो. टाच उचलता कामा नये. दुकानात निदान दहा फेऱ्या माराव्यात आणि लाजू नये. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आणि प्रत्येक जोडाचं टोक अंगठ्यानं दाबून माझी बोटं कुठवर आली ते पाहत राहिले. दुकानदारानं लोखंडी पट्टी लावून पाय मोजला आणि म्हणाला, दहा.

"मागच्या वक्ती माझ्यानं माप चुकलं," मास्तर त्याला म्हणाले.

त्या अनोळखी दुकानदाराला हे सांगायची काही गरज नव्हती. मला वाटतं, त्यांनी मला जागा करून दिली होती. मी म्हटलं, "हे बेस हायेत, मामाजी," आणि अकरावी फेरी मारायला निघालो.

बूट खरंच चांगले होते. ते घालून मी आठही गावं तुडवली. पण घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "सांगतलं?" आणि मी नाडी सोडत राहिलो. पुढच्या दोन-तीन खेपांना तिनं विचारलं. मग तिनं विचारणं बंद केलं, आणि मला त्याचं बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

इकडे काकांना एक किस्सा मिळाला होता. घरातलं बारसं असो की तेरवी, मास्तरांनी जावयाला कसे लहान बूट दिले हे ते सांगत. दरवर्षी बूट आणखी लहान होत. तिसऱ्या वर्षापर्यंत ते शाळेच्या पोराचे झाले होते.

तिसऱ्या वर्षीच माझ्या मेहुणीचं लग्न जमलं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, सौंसरला मास्तरांच्या अंगणात होतं, आणि व्याही म्हणून काकाही आले होते. पंगत बसली. मास्तर स्वतः कढी वाढत होते. काका नेमके मुलाच्या वडिलांशेजारी बसले होते, आणि बोलण्यात कपड्यालत्त्याचा विषय निघताच त्यांनी किस्सा सुरू केला. या वेळी तो फारच रंगला. मुलाकडचे हसले. मग मुलाचे वडील हसत हसतच मास्तरांना म्हणाले, "मंग आमच्या पोराचे बूट-कपडे आमीच पाहून घेऊ जी. तुमी तसदी नका घेऊ."

मास्तरही हसले. पण कढीचा डाव भांड्यातच राहिला, आणि ते पुढच्या पानाकडे न जाता तिथंच उभे राहिले. दारात मेहुणी उभी होती. तिच्यामागं माझी बायको. ती माझ्याकडे पाहत नव्हती, आणि ते मला सहन झालं नाही.

मी पानावरून उठलो. "मामाजीची गलती नव्हती," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला म्हणून पुन्हा म्हटलं. "कागद मीच चुकीचा पाठवला होता. पेन्सिल पायाखाली घालून रेघ मारली. पाय लहान दिसावा म्हणून."

"कायले?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"लाज वाटत होती."

आधी कोणाला काही कळलं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "एवढा किती मोठा हाये बाप्पा, दाखव तं खरं." मी पाय उचलला. पलीकडून कोणी म्हणालं, "खाली घे, लोक जेवून राहिले," आणि मग सगळी पंगत हसायला लागली. भात तोंडात असलेल्यांना ठसका लागला. मुलाचे वडील डोळे पुसत म्हणाले, बूट-कपडे मास्तरच आणतील, फक्त माप ते स्वतः घेतील, आणि मग त्यांना पुन्हा हसू फुटलं. त्या दिवसापासून दोन्हीकडच्या नातेवाइकांत माझं नाव दहा नंबर पडलं, ते आजही आहे.

काका हसले नाहीत. त्यांचा किस्सा गेला होता. ते म्हणाले, "मंग तवा मांडवात कायले नाही बोलला?" काकांनी आयुष्यात विचारलेला हा एकच रास्त प्रश्न. मी खाली बसलो आणि गार झालेली पोळी खाल्ली.

जेवणं उरकल्यावर मी हात धुवायला अंगणाच्या कडेला गेलो. मास्तर तांब्या घेऊन पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होते. माझी पाळी आली.

"मामाजी," मी म्हटलं, "उशीर झाला जी."

ते पाणी घालत राहिले. माझे हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"हो," ते म्हणाले. "मी तं मांडवातच वाट पाहून राहिलो होतो."